शेकाची बाज आणि कुडापलीकडची वगार

मित्रांनो, या गावाचा वंश मी चालवला आहे. पाटलांच्या नातवापासून पोस्टमनच्या पोरांपर्यंत निम्मे गाव माझ्या अंगावर जन्माला आले. हे मी गर्वाने सांगत नाही. खरे म्हणजे त्यात माझे कर्तृत्व एवढेच, की मी मोडले नाही. मी एक जुनी बाज आहे. बाभळीचे चार पाय, बाभळीच्याच चार दांड्या आणि मध्ये अंबाडीची दोरी. एक पाय बोटभर आखूड आहे. त्याखाली खापर ठेवावे लागते.

हैदराबादवर पोलीस ॲक्शन झाली त्या वर्षी, म्हणजे अठ्ठेचाळीसमध्ये, मुंजाजी सुताराने मला घडवले. पोखर्णीच्या रस्त्यावर आमचे गाव, आणि त्या रस्त्यावर मुंजाजीचा हात साफ मानला जाई. मला करवून घेतले ते भगवानरावांच्या वडिलांनी, खळ्यावर बसण्यासाठी. त्यांनी माझ्यावर बसायचे, विडी ओढायची आणि बाकीचे लोक राबताना बघायचे, असे ठरले होते. मोठ्या मानाची नोकरी होती. ती अडीच दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी भगवानरावांच्या बायकोला, म्हणजे चांगुणाबाईंना, कळा लागल्या. घरात दुसरी रिकामी बाज नव्हती. मला उचलून आतल्या अंधाऱ्या खोलीत नेले. त्या दिवसापासून माझ्यावर पुरुष बसला नाही. मी विटाळले, असे सर्वांनी मिळून ठरवले. मला कोणी विचारले नाही.

पुढे माझी मधली वीण मुद्दाम सैल केली, म्हणजे खालून शेक नीट लागावा. बाळंतीण माझ्यावर निजे, खाली शेणींचे निखारे, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा. खालून मी भाजत असे, माझ्यावर ती भाजत असे, आणि उंबऱ्याबाहेर बसलेल्या बाया "चांगला शेक बसायलाय" असे समाधानाने म्हणत. गावात कुणाकडे दिवस भरत आले की मला मागायला माणूस येई. काम झाले की मला गोमूत्राने धुऊन, उन्हात तापवून परत आणत आणि गोठ्यातल्या खुंट्यांवर टांगत. नव्या वस्तीत मात्र मला कधी नेले नाही. तिथले लोक छप्पन साली बौद्ध झाले. गावाने ती खबर ऐकली, मान डोलावली आणि पूर्वीएवढेच अंतर ठेवले.

गोठा आणि बाळंतिणीची खोली यांच्यामध्ये तुराट्यांचा कूड, म्हणजे तुरीच्या काटक्यांची भिंत, आहे. शेणाने सारवलेला, पण जुना. त्याला इतक्या फटी आहेत की इकडे बोललेल्या शब्दाचा तिकडे श्वासही ऐकू यावा. मी कधी कुडाच्या या बाजूला टांगलेली असते, कधी त्या बाजूला मांडलेली. माझे सगळे शिक्षण या कुडाने केले. आणि मित्रांनो, शिक्षण झाले की धक्के बसू लागतात.

दुष्काळ संपला त्याच्या पुढच्या साली, म्हणजे चौऱ्याहत्तरमध्ये, भगवानरावांची लेक बायनाबाई पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. तिचा नवरा सिताराम मानवतला जिनिंगमध्ये कारकून होता. तो तिला यष्टीतून उतरवून, चहा पिऊन, परतीच्या यष्टीत बसून गेला. त्याच सुमारास गोठ्यातली म्हैसही गाभण होती. दोघींचे दिवस जवळपास बरोबरच भरणार होते.

म्हशीला सरकी सुरू झाली, वर ढेप. भगवानराव स्वतः घमेले घेऊन तिच्यापुढे बसत आणि ती जेवेपर्यंत उठत नसत. "पोटुशी हाय," ते म्हणत, "तिला दोघांचं खायचंय." कुडाच्या पलीकडे चांगुणाबाई लेकीच्या ताटातली अर्धी भाकर उचलून घेत. "लय खाऊ नगं माय. लेकरू मोठं होतंय, मग सुटका होत न्हाई."

दोन्ही वाक्ये मला एकाच वेळी ऐकू आली. मी खुंटीवर होते, म्हणून पडले नाही.

गावात मालनबाई नावाची नर्स होती. नव्या वस्तीत खोली करून राहायची. खांद्याला पिशवी, पायात झिजलेली चप्पल. ती आली की चांगुणाबाई ओट्यावर पोते टाकत, म्हणजे ओटा विटाळातून वाचे. मालनबाई पोत्यावर बसून बायनाचे डोळे बघे, नखे बघे. "रगत कमी हाय मावशी," तिने सांगितले आणि लाल गोळ्यांची पुडी दिली. "रोज एक. चुकवायची न्हाई."

चांगुणाबाईंनी "व्हय व्हय" म्हटले. नर्स वळणावर दिसेनाशी झाली तशी त्यांनी पुडी कनवटीला लावली.

"माय, आण गं, घेते ना मी," बायना म्हणाली.

"गप बस. त्या गोळ्यांनं लेकरू काळं होतंय."

गोळ्या वाया घालवणे चांगुणाबाईंच्या स्वभावात नव्हते. रोज एक गोळी सरकीत घालून त्यांनी ती म्हशीला चारली. नियमाने, न चुकता, नर्सने सांगितल्याप्रमाणे. म्हैस आधीच काळी असल्यामुळे तिला धोका नव्हता.

दसऱ्याच्या आधी चार दिवस, एकाच सकाळी दोघी मोकळ्या झाल्या. कासाबाई नावाची धनगराची म्हातारी गावची सुईण. तिने बायनाला सोडवले. म्हशीला भगवानरावांनी स्वतः. गोठ्यात वगार, म्हणजे मादी रेडकू, झाली. भगवानरावांनी नारळ फोडला, गड्याने हलगी मागवू का म्हणून विचारले. खोलीत मुलगी झाली. कासाबाई हात धुऊन "पयली बेटी" एवढे म्हणाली आणि गेली. दुपारी भगवानरावांनी जावयाला कार्ड लिहिले. ते त्यांनी मोठ्याने वाचून दाखवले, म्हणून मला पाठ आहे: "म्हैस व्याली. वगार आहे. दोघी खुशाल. बायना पण मोकळी झाली. कळावे."

त्याआधी, त्याच सकाळी, मी जे पाहिले, ते मी माझ्या आयुष्यात शेकडो वेळा पाहिले होते. पण कुडाच्या दोन्ही बाजू एकदम कधी पाहिल्या नव्हत्या.

गोठ्यात वगार अजून नीट उभीही राहिली नव्हती. भगवानरावांनी तिला उचलून आचळाशी धरले. कोणी भांडे घेऊन जवळ आले तर त्यांनी हाकलले. वगारीचे पोट भरल्यावरच उरलेला चीक पातेल्यात काढला. आणि इकडे, माझ्यावर, चांगुणाबाईंनी लेकीच्या अंगावरचा पहिला चीक वाटीत पिळून काढला. पिवळा, दाट. बाहेर जाऊन तो उकिरड्याच्या कडेला भिंतीवर ओतला. लेकराच्या तोंडात कापसाच्या बोळ्याने गुळाचे पाणी सोडले. तीन दिवस अंगावर पाजायचे नाही, ही गावाची रीत होती. बाळंतिणीलाही पाणी द्यायचे ते घोट-दोन घोट, नाहीतर तिचे पोट सुटते म्हणत. रीत कोणी घातली, हे कोणाला ठाऊक नव्हते. ज्याने घातली त्याने म्हशीला मात्र त्यातून वगळले होते.

दुसऱ्या दिवशी म्हशीच्या चिकाचा खरवस झाला. गूळ, वेलची, वर जायफळ. चांगुणाबाई पातेले घेऊन वाटायला निघाल्या. निघताना त्यांनी लेकराकडे पाहिले. "लय शहाणी हाय. एकदा बी रडली न्हाई सकाळपासून," असे कौतुकाने म्हणाल्या आणि गेल्या.

मुलगी रडत नव्हती, हे खरे होते. आदल्या रात्री ती इतकी रडली की माझी दोरी थरथरत होती. मग आवाज बारीक झाला. मग थांबला. तिचे वजन मला आधीच फारसे जाणवत नव्हते. आता हालचालही जाणवेना.

तेवढ्यात गोठ्याच्या दाराशी चपलेचा आवाज आला.

"मामा, बायना मोकळी झाली म्हणं?" मालनबाई होती.

"झाली. पोरगी हाय," भगवानराव म्हणाले.

"लेकरू बघायचं होतं."

"बायनाची माय घरात न्हाई. तिला इच्यारल्याबिगर आत..." भगवानरावांनी वाक्य तिथेच सोडले. उरलेले वाक्य गावात सर्वांना पाठ होते, मालनबाईला सर्वांत जास्त.

"बरं. थांबते इथंच. म्हशीला काय झालं?"

"वगार!" भगवानरावांचा चेहरा उजळला. "बघा की, कशी उड्या मारायलीय."

"चीक पाजला का हिला?"

भगवानरावांना हा प्रश्न अपमानाचा वाटला. "आवो बाई, हे काय इच्यारणं झालं? पयला चीक वगारीचा. मी भांडं लावू दिलं न्हाई कुणाला. त्या चिकात सगळी ताकद आसती. तो न्हाई मिळाला तर वगार माना टाकती, दोन दिसात खलास. आमी आठ जनावरं वाढवली ती काय उगंच?"

मालनबाई शाळेतल्या मुलीसारखी ऐकत होती. "बरोबर हाय मामा. डॉक्टर बी हेच सांगत्यात. आन् नातीला काय पाजलं?"

"गुळाचं पाणी."

"आन् बायनाचा चीक?"

भगवानरावांनी तोंड म्हशीकडे वळवले. "ते बायकांचं काम हाय."

"कुठं गेला, मामा?"

उत्तर कुडातून आले. "मायनं भितीवर ओतला, बाई." बायनाचा आवाज कोरडा होता. तिलाही सकाळपासून दोन घोटच पाणी मिळाले होते. "बाई, लेकरू रडंना."

"कवापासून?"

"रातीपासून. माय म्हणती शहाणी हाय. पर डोळे बी उघडंना."

मी आजवर नर्सबाईंचा एकच आवाज ऐकला होता, गोळ्यांची पुडी देणारा. आता दुसरा ऐकला. तिने पिशवी शेणात टाकली आणि कुडाला तोंड लावले.

"बायना, नीट आयक. लेकराच्या तळपायाला हात लाव. थंड हायती?"

"गार पडलेत."

"अंगावरचं सगळं काढ तिच्या. तुझ्या उघड्या छातीवर घे, वरून लुगडं झाक. घेतलं? आता दाबून एक थेंब काढ. बोटावर घे. तिच्या ओठाला लाव."

भगवानरावांनी असले शब्द आयुष्यात ऐकले नव्हते, आणि हे तर चार हातांवरून ऐकू येत होते. ते म्हशीच्या कपाळाकडे टक लावून बघत राहिले. तिथे बघण्यासारखे काही नव्हते.

"तोंड हलवलं का?"

"न्हाई."

"पुन्यांदा लाव. तळपाय चोळ."

"न्हाई हलवत, बाई." बायनाच्या टाचा माझ्या दोरीवर थडथड वाजत होत्या.

मालनबाई वळली. "मामा, गाडी जुंपा. परभणीला न्यायचं. यष्टीची वाट बघायची न्हाई."

भगवानराव हलले नाहीत. त्यांना ऐकू आले होते, पण पाय उचलत नव्हते. मी बाभळीची आहे, मला ठाऊक आहे तसे उभे राहणे काय असते.

"मामा, जुंपा म्हणते ना!"

ते बैलाच्या दाव्याकडे वळले, एवढ्यात कुडातून किंकाळी आली. "बाई! चाटलं! चाटलं तिनं!"

"हां, आता अजून एक थेंब. अजून. गिळतीय का? बैलं जुंपू नका मामा, पर तयार ठेवा. बायना, आता तोंडात दे. नाक दबू देऊ नगं. घाई करू नगं, ती दमलीय."

मग अगदी बारीक, उंदराने दाणा फोडावा तसा आवाज. चुटुक. मग थांबणे. मग पुन्हा चुटुक. बायनाच्या टाचा थांबल्या.

आणि चांगुणाबाई रिकामे पातेले घेऊन परत आल्या.

आधी त्यांना आपल्या घराच्या कुडाला गाल टेकून उभी असलेली मालनबाई दिसली. हा एक धक्का. मग त्या खोलीत आल्या. "आगं ए बये! काय करायलीस? तीन दिस झाले न्हाईत! इख आसतंय त्यात, काढ आधी!" असे म्हणत त्यांनी लेकराला हात घातला.

"न्हाई देत," बायना म्हणाली. आवाज कोरडाच होता, पण तिने लेकराभोवती कोपर घट्ट केले.

"चांगुणे, हात काढ."

हा आवाज कुडातून आला होता. या खोलीच्या दिशेने भगवानराव आजवर कधी बोलले नव्हते. सव्वीस वर्षांत एकदाही नाही. ते अजून म्हशीकडेच तोंड करून उभे होते, पण बोलत होते इकडे.

"वगारीला पाजायचं आन् नातीला न्हाई, हे मला कुणी तरी समजावून सांगा. मला तर समजंना."

"जनावराचं येगळं आसतंय."

"काय येगळं आसतंय?"

चांगुणाबाईंनी तोंड उघडले. मी वाट पाहिली. गाव ज्या रीतीवर उभे होते, तिचे कारण आता निघेल असे मला वाटले. निघाले नाही.

मित्रांनो, इथे मला एक गोष्ट सांगावी लागेल. चांगुणाबाई स्वतः माझ्यावर पाच वेळा बाळंत झाल्या. त्यातली तीन लेकरे जगली. दोघे तिसरा दिवस उलटायच्या आत गेले. एकाला दृष्ट लागली म्हणाले, दुसऱ्याला सटवाईने नेले म्हणाले. मी दोन्ही वेळा खाली निखारे आणि वर ते लेकरू घेऊन उभी होते. मला तेव्हा शंका आली नाही. मला वाटे, मोठ्या माणसांना माहीत असेल.

चांगुणाबाई माझ्या दांडीवर टेकल्या. बाळंतिणीच्या बाजेवर दुसऱ्या बाईने बसायचे नसते, हे त्यांनीच गावाला शिकवले होते.

"ते दोघं बी असेच गप झाले हुते," त्या म्हणाल्या. कोणाला, ते कळले नाही. "मी म्हणले, शहाणी लेकरं हायती."

चुटुक, चुटुक, एवढाच आवाज होता. बऱ्याच वेळाने त्या उठल्या. "शेक इझायलाय," म्हणाल्या, पण निखारे आणायला गेल्या नाहीत. कुडाकडे तोंड करून, भांडण काढावे तशा स्वरात त्यांनी विचारले, "हिला पाणी किती द्यायचं?"

"मागंल तितकं, मावशी."

"मागंल तितकं?" चांगुणाबाईंना त्या दिवशी बसलेल्या धक्क्यांत हा सर्वांत मोठा असावा. तरी त्यांनी तांब्या भरून आणला. बायनाने तो न थांबता संपवला. दुसरा आणला. तोही. भाकर संध्याकाळी अख्खी मिळाली.

मुलगी जगली. गावाने याचे श्रेय आधी पोखर्णीच्या नरसिंहाला दिले, मग कासाबाईच्या हाताला आणि शेवटी मला. "त्या बाजंवर लेकरू टिकतंय," अशी खबर पसरली आणि मला दोन गावांवरून मागणी आली. मला नवी दोरी भरली. मी काहीच केले नव्हते, पण स्तुती नाकारण्यासाठी तोंड लागते.

दोन महिन्यांनी शेजारच्या आळीत मला नेले. तिथली सासू वाटी घेऊन चीक काढायला बसली. चांगुणाबाई पाहायला आल्या होत्या. त्यांनी वाटी हातातून काढून घेतली.

"टाकत न्हाईत ते. लेकराला लाव आधी."

कासाबाई थक्क झाली. "आगं चांगुणे, जलम गेला, आपण टाकतच आलो की! तूच तर मला..."

"आमच्या घरात पयल्यापासून पाजत्यात," चांगुणाबाई म्हणाल्या.

"कवापासून?"

"पयल्यापासून."

मित्रांनो, माझ्या दांड्यांना खोटे सहन होत नाही, लगेच करकरतात. त्या दिवशी मी करकरले नाही. त्या सासूने वाटी फळीवर ठेवली आणि लेकरू आईजवळ दिले. गावात आता ती जुनी रीत आहे. अगदी पूर्वापार. दोन महिन्यांची.

मी म्हातारी झाले आहे. उपकेंद्रात लोखंडी खाट आली आहे, असे ऐकते. पुढे कदाचित माझ्यावर मिरच्या वाळतील. माझी काळजी घ्या असे मी म्हणणार नाही. मी लाकूड आहे. दोरी कुजली की दुसरी भरता येते. बाळंतिणीची दोरी भरता येत नाही. तिला मागेल तेवढे पाणी द्या, पोटभर खायला द्या, पहिला चीक लेकराच्या तोंडी जाऊ द्या. आणि लेकरू फार शहाणे वाटले, तर कौतुक करण्याआधी त्याच्या तळपायाला हात लावून बघा. म्हशीसाठी जेवढे करता तेवढे पुरे आहे. मी जास्त मागत नाही.

बायना उद्या मानवतला सासरी जाणार आहे. म्हणून आज मालनबाई मुलीचे वजन करायला आली होती. तिने ताणकाटा गोठ्याच्या आढ्याला अडकवला, झोळी बांधली, मुलीला आत ठेवले. मुलगी काट्याकडे बघून हसली. भगवानराव जवळ उभे राहून आकडा वाचायचा प्रयत्न करत होते. मालनबाईने मुलीला उतरवून घडी घातलेल्या गोधडीवर ठेवले आणि ती दोन पावले मागे सरली. चांगुणाबाईंनी तांब्यातले पाणी मुलीवर शिंपडले, मग तिला उचलून आत नेले.

वजन साडेचार किलो भरले. पाणी नंतर शिंपडले, त्यामुळे ते त्यात धरलेले नाही.